तिन्ही गाड्यांत क्वेकमामा

सिंगापूरची सरहद्द ओलांडून शेजारच्या देशातल्या जोहोरला जाण्याची योजना क्वेकमामांनी जानेवारीत आखायला घेतली. लग्न एप्रिलमध्ये होतं. मधे जेमतेम एक किलोमीटरचा पूल. त्या पुलावरून रोज लाखो माणसं कसलीही योजना न आखता ये-जा करतात, असं कोणी त्यांना सुनावलं असतं, तर त्यांनी त्या माणसाकडे चष्म्यावरून दयेनं पाहिलं असतं. योजना न आखणाऱ्या लोकांमुळेच पुलावर गर्दी होते, असं त्यांचं ठाम मत होतं.

लग्न होतं धाकट्या बहिणीच्या, आ निओच्या मुलाचं. त्यांच्या लोकांत लग्नाच्या जेवणावळीत नवरदेवाच्या मामाच्या वर कोणीही नाही. वरबाप राहिला बाजूला, मंत्री आला तरी तो खालच्या टेबलावर. मुख्य टेबलाची मुख्य खुर्ची थोरल्या मामाची. तो येऊन बसेपर्यंत आणि चॉपस्टिक उचलून पहिला घास घेईपर्यंत दिवाणखान्याएवढ्या ताटातल्या डुकराकडे नुसतं बघत बसायचं. आ निओनं आमंत्रणाच्या फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, "दादा, बारा वाजता. अठ्ठावीस टेबलं आहेत, दोनशे ऐंशी माणसं. तू आल्याशिवाय कोणी घास घेणार नाही."

चौतीस वर्षं दप्तर विभागात काढून निवृत्त झालेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच दोनशे ऐंशी माणसं आपल्यावाचून अडून राहणार हे कळलं, की त्याचं काय होतं ते सांगायला नको. क्वेकमामांनी त्याच संध्याकाळी नवी वही आणली.

सल्ले न मागता आले. त्यांच्या इमारतीत बाराव्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात कपडे वाळत घातलेले कमी आणि सल्ले जास्त असतात. शेजारचे पाकिरीसामी म्हणाले, "मिस्टर क्वेक, पहाटे चारला निघा."

"चारला सगळेच निघतात."

"मग तीनला."

"बाराच्या जेवणाला तीनला? तिथं जाऊन काय टेबलं मांडू?"

पलीकडच्या रोस्नाहताईंनी कुंडीला पाणी घालता घालता विचारलं, "रविवारी का जाताय पण?"

"लग्न रविवारी आहे."

"मग लग्नाला नका जाऊ. सोमवारी जाऊन जोडप्याला भेटून या. सोमवारी रस्ता छान मोकळा असतो."

या असल्या लोकांच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता. क्वेकमामांचा भरवसा होता विज्ञानावर. सरहद्दीच्या अलीकडच्या नाक्यावर आता नवी सोय झाली होती. गाडीतल्या सगळ्यांची पासपोर्टवरची माहिती मोबाइलमध्ये भरायची, की सगळ्यांचा मिळून एक काळा-पांढरा चौकोन, म्हणजे कोड, तयार होतो. काच खाली करायची, चौकोन यंत्रापुढे धरायचा, अधिकारी आत डोकावून तोंडं मोजतो, आणि गाडी पुढे. पासपोर्टांची चळत पुढे करा, तो एकेक उघडणार, मागची गाडी हॉर्न वाजवणार, हे सगळं बंद. आता नाक्यावरचं काम दहा मिनिटांचं, असं क्वेकमामांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.

आपल्यापुरता कोड काढून ते थांबले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मामा एकट्याचा नसतो, सगळ्यांचा असतो. जाणाऱ्या गाड्या तीन. पहिलीत मुलगी हुई शान, जावई डेस्मंड, दोन नातवंडं आणि विहीणबाई. दुसरीत चुलतभाऊ तेक लिओंग, त्याची बायको आणि दोन म्हाताऱ्या आत्या. तिसरीत स्वतः मामा आणि मामी, म्हणजे स्वी लान. एकूण अकरा माणसं. तिन्ही गाड्यांचे कोड मीच काढणार, असं मामांनी जाहीर केलं आणि सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. ज्याला त्याला आपापल्या मोबाइलवर हे पाच मिनिटांत जमलं असतं, पण तसं म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

झाली फक्त धाकट्या भावाची, आ सेंगची. तो म्हणाला, "दादा, मी बसनं जाईन. माझा पासपोर्ट माझ्या खिशात बरा आहे."

"बस! मामा असून बसनं जाणार?"

"धाकटा मामा आहे मी. मला कोण विचारतंय?"

मामांनी वहीतून त्याचं नाव खोडलं, तेही पट्टी धरून.

आता नेमकी चूक कुठे झाली ते सांगतो. मोबाइलमध्ये गटाचं नाव विचारलं होतं, माणसांची नावं विचारली होती, पण गटाचा प्रमुख कोण ते कुठेच विचारलं नव्हतं. क्वेकमामांना हे खटकलं. दप्तर विभागात चौतीस वर्षं त्यांनी प्रमुखाच्या सहीशिवाय एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. मग त्यांनी त्यावर आपल्या परीनं उपाय केला. तिन्ही गटांत पहिलं नाव स्वतःचं घातलं. क्वेक चिन हुआत, आणि खाली बाकीचे.

यापुढचं काम म्हणजे त्यांचा हातखंडा. निवृत्त होताना कचेरीनं त्यांना लॅमिनेशनचं मशीन भेट दिलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरात प्लास्टिकमध्ये घालण्याजोगं काही शिल्लक राहिलं नव्हतं. कपडे धुण्याच्या मशीनच्या सूचना, दवाखान्याच्या वेळा, लिफ्ट बंद पडल्यास फोन करायचा नंबर, स्वी लानच्या आईची मिरचीच्या चटणीची कृती, सगळं कडक आणि गुळगुळीत. तिन्ही कोड त्यांनी खाली नावांच्या यादीसकट छापले, लॅमिनेट केले, कोपरे गोल कापले, भोक पाडून लाल दोरी ओवली. दिसायला कार्डं इतकी देखणी झाली की क्वेकमामा ती दोन दिवस टीव्हीसमोर मांडून बघत बसले.

"आणि पासपोर्ट?" स्वी लाननं विचारलं. "ते कधी परत देणार लोकांना?"

"दिले की हरवतात. ते माझ्याजवळ राहतील."

"पलीकडच्या नाक्यावर पासपोर्टच लागतो ना पण?"

"तिथे मी असेनच."

"तुम्ही तिसऱ्या गाडीत असाल."

"लगेच मागेच ना! प्रमुखानं शेवटी राहायचं असतं. कोणी मागे पडलं तर बघायला."

स्वी लान चाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट शिकली होती. नवऱ्याच्या योजनेतलं भोक आधी दाखवलं तर भांडण होतं, नंतर दाखवलं तर नुसतं समाधान मिळतं. ती भाजी निवडायला निघून गेली.

रविवारी सकाळी साडेसातला तिन्ही गाड्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये जमल्या. मामांनी स्वतःच्या गाडीचं इंजिन आणि एसी चालू ठेवून, खिडकीतून मान बाहेर काढून, बाकीच्या नऊ जणांना सूचना वाचून दाखवल्या. सूचना एकोणीस होत्या. अकराव्या सूचनेला धाकटी आत्या झोपली, तेव्हा मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. विहीणबाई पुढच्या सीटवर हाताची घडी घालून काचेतून सरळ समोर बघत होत्या. या बाईंनी लग्नापासून आजवर क्वेक घराण्याबद्दल एकही वाईट शब्द काढला नव्हता, आणि त्याचा मामांना फार त्रास व्हायचा.

"मोबाइल बंद ठेवायचे," मामांनी शेवटची सूचना वाचली. "कोड चालू असताना फोन आला तर गोंधळ होतो. मी माझा विमानात ठेवतात तसा ठेवलाय."

"पप्पा, कोड तर कार्डावर आहे ना?" डेस्मंड म्हणाला.

"खबरदारी," मामा म्हणाले.

पंचवीस मिनिटं एसी चालला. इथल्या लोकांना एक कायदा अगदी बाळकडूसारखा पाजलेला असतो, की इथल्या नंबरच्या गाडीनं सरहद्द ओलांडताना टाकी कमीत कमी पाऊण भरलेली हवी. पलीकडे पेट्रोल स्वस्त, म्हणून सगळेच रिकामी टाकी घेऊन पळतील, यासाठी तो कायदा. आणि याच कायद्यामुळे इथल्या प्रत्येक सभ्य गृहस्थाला टाकी बरोब्बर पाऊण भरण्याची कला साधलेली असते. एक थेंब जास्त भरणं म्हणजे मूर्खपणा. क्वेकमामांनी शनिवारी संध्याकाळी पाऊणच्या रेघेवर काटा आणून ठेवला होता आणि पंपावरच्या माणसाला "बस, बस, बस" म्हणून थांबवलं होतं. डेस्मंडनं आणि तेक लिओंगनं मात्र टाक्या पूर्ण भरल्या होत्या. आजच्या पिढीला व्यवहारच कळत नाही.

नाक्याच्या अलीकडे एका अधिकाऱ्यानं मामांच्या काट्याकडे वाकून पाहिलं.

"अंकल, काटा खाली आहे."

"खाली नाही. तुम्ही बाजूनं बघताय. समोरून बघा."

अधिकारी बिचारा सज्जन होता. त्यानं मान आत घालून समोरून पाहिलं. समोरून काटा आणखी खाली दिसत होता.

"मागे वळा, अंकल. पेट्रोल भरून या."

पहिल्या दोन गाड्या तोवर वळणावरून पुढे दिसेनाशा झाल्या होत्या. मामांनी गाडी वळवली. जवळच्या पंपावर त्यांच्यापुढे सात गाड्या होत्या, सगळ्या त्याच कारणानं परत पाठवलेल्या. सातही गाड्यांतले सभ्य गृहस्थ एकमेकांची नजर चुकवत पंपाच्या छताकडे बघत होते.

तेवढ्यात स्वी लानचा फोन वाजला. तिनं तो बंद ठेवलेला नव्हता. पलीकडून हुई शान बोलत होती.

"मम्मी, पप्पा कुठे आहेत?"

"हे काय, शेजारी."

"इथले अधिकारी म्हणतात, ते आमच्या गाडीत आहेत."

मामांनी फोन हातातून घेतला. "त्यांना सांग, मी गटाचा प्रमुख आहे."

"सांगितलं पप्पा. ते म्हणतात, मग प्रमुख दाखवा. कार्डावरच्या यादीत सहा नावं आहेत, गाडीत आम्ही पाच. त्यांनी डिकी उघडून पाहिली."

"डिकीत?"

"तुम्हाला शोधायला. सासूबाईंना खाली उतरावं लागलं त्यासाठी." मग तिचा आवाज खाली गेला. "पप्पा, ते म्हणतात ठीक आहे, कोड राहू दे, साधे पासपोर्ट द्या."

स्वी लाननं मागच्या सीटकडे वळून पाहिलं. तिथे लाल पिशवी होती. पिशवीत अकरा पासपोर्ट होते, आडनावाप्रमाणे लावलेले.

फोन ठेवतो न ठेवतो तोच तेक लिओंगचा आला. "दादा, आमच्याही गाडीत तू नाहीस रे."

"माहीत आहे मला मी कुठे नाही ते!" मामा ओरडले. पुढच्या गाडीतल्या गृहस्थानं आरशातून पाहिलं.

साडेदहा वाजता टाकी काठोकाठ भरून (पंपावरच्या माणसाला या वेळी कोणी "बस" म्हटलं नाही) क्वेकमामा नाक्याच्या खिडकीशी पोहोचले. त्यांनी काच खाली केली आणि लाल दोरीचं कार्ड रुबाबात यंत्रापुढे धरलं. यंत्र गप्प. त्यांनी कार्ड तिरकं केलं, उलटं केलं, शर्टाला पुसलं.

खिडकीतल्या तरुण अधिकारी बाईनं हात पुढे केला. "हे काय आहे, अंकल?"

"कोड."

"हा प्लास्टिकमध्ये का घातलाय?"

"पावसानं भिजू नये म्हणून."

"यंत्राला यात फक्त छतावरचा दिवा दिसतोय." तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, नाव वाचलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "क्वेक चिन हुआत! तुम्हीच का ते? सकाळपासून दोन गाड्यांत तुम्ही सापडत नव्हता. या, या. गाडी बाजूला घ्या. तुमची माणसं आत बसलीयेत."

आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या ओळीत क्वेक घराणं बसलं होतं. आत्या झोपल्या होत्या. नातवंडं कार्डांच्या लाल दोऱ्यांनी एकमेकांचे पाय बांधत होती. विहीणबाई हाताची घडी घालून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, आणि अजूनही त्यांनी क्वेक घराण्याबद्दल एकही वाईट शब्द काढला नव्हता.

खरं तर इथेही सगळं दहा मिनिटांत मिटलं असतं. पासपोर्ट आले, तोंडं जुळली, कोणी कोणाला पळवून नेत नव्हतं. वयस्क अधिकाऱ्यानं एक कागद पुढे सरकवला. "नऊ माणसांचे पासपोर्ट तुमच्या पिशवीत का होते, तेवढं दोन ओळींत लिहून द्या, अंकल, आणि जा."

दोन ओळींत! दप्तर विभागाच्या माणसाला! क्वेकमामांनी पेनाचं टोपण काढलं, आणखी तीन कागद मागून घेतले आणि समास सोडला. पहिला मथळा, पार्श्वभूमी. दुसरा मथळा, योजनेची उद्दिष्टं. अधिकारी दोनदा म्हणाला, "पुरे, अंकल." मामा म्हणाले, "अर्धवट कागद मी आयुष्यात कोणाला दिलेला नाही."

साडेअकराला स्वी लानच्या फोनवर आ निओ होती. "वहिनी, मासा वाफवायला ठेवू ना?"

"थोडं थांब."

सव्वाबाराला पुन्हा. "वहिनी, पाहुणे बसलेत सगळे. ठेवू?"

"थोडं थांब गं."

त्यानंतर आ निओचा फोन आला नाही. हे स्वी लाननं नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो 'भविष्यातील सुधारणांसाठी सूचना' या मथळ्यापाशी होता. मामांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. कागद तसेच अर्धवट टाकून ते उठले.

आणि पुलावर गर्दी नव्हती! दर रविवारी जिथे गाड्या बोटभर सरकायला अर्धा तास घेतात, त्या पुलावर एक वाजता तीन गाड्या अशा सुसाट निघाल्या की दोन्ही बाजूंचं पाणी नुसतं उजेडाची पट्टी होऊन गेलं. पलीकडच्या खिडकीत अकरा पासपोर्ट गेले आणि परत आले. सगळं मिळून बारा मिनिटं. क्वेकमामांना या मोकळ्या रस्त्याचा इतका राग कधी आला नव्हता. थोडी तरी गर्दी असती, चार ट्रक आडवे असते, एखादी बस उलटली असती, निदान दोष देता आला असता.

दीड वाजता ते हॉटेलात पोहोचले. जेवणाच्या हॉलच्या दाराशी आ सेंग उभा होता, कोट हातावर टाकून, घामानं थबथबलेला. तो बसनं सकाळी साडेआठलाच आला होता.

"आलास," तो म्हणाला. "मुलीकडची माणसं बाराच्या ठोक्यापासून मला त्या खुर्चीत कोंबतायत. तूही मामाच ना, बस आणि उचल चॉपस्टिक, पोरं रडतायत. मी म्हटलं, छे, थोरला आहे माझा, त्याच्याकडे कोड आहे, दहा मिनिटांत येतो. दीड तास हेच सांगतोय. शेवटी मला लोक पाणीसुद्धा विचारेनात."

मामांनी दारातूनच आतल्या टेबलांकडे पाहिलं.

"पुलावर गर्दी होती ना?" आ सेंग हळूच म्हणाला, आणि भावाची टाय सरळ करू लागला. "तेच सांग. इथे कोणीही मान्य करतं."

खरंच होतं ते. पुलावरची गर्दी म्हटलं की त्या गावात खुनाशिवाय बाकी सगळं माफ असतं. मागे उभ्या असलेल्या दहा जणांनीही एकमेकांकडे बघून माना हलवल्या. विहीणबाईंनीसुद्धा. सगळं घराणं त्यांच्यासाठी खोटं बोलायला तयार होतं.

क्वेकमामा आत गेले. अठ्ठावीस टेबलांवरच्या दोनशे ऐंशी माना वळल्या. डुकराच्या कातडीचा कुरकुरीतपणा केव्हाच जाऊन ती चामड्यासारखी झाली होती, आणि एका टेबलावरचं लहान पोर चॉपस्टिक तोंडात धरून स्फुंदत होतं. मुख्य टेबलाशी आ निओ उभी होती, नव्या रेशमी पोशाखात, डोळ्यांतलं काजळ थोडं पसरलेलं. तिनं खुर्ची मागे ओढली.

"बस दादा. पुलावर गर्दी असेल."

मामा बसले नाहीत. त्या बहिणीसमोर त्यांना फार लाज वाटली, आणि ती लाज त्या तीनही गाड्यांत त्यांनी घातलेल्या नावापेक्षा मोठी होती. त्यांनी घसा खाकरला.

"गर्दी नव्हती," ते मोठ्यानं म्हणाले. "रस्ता रिकामा होता. चूक माझी आहे. सगळ्यांचे पासपोर्ट मी माझ्या पिशवीत ठेवले. सगळ्यांच्या कोडात मी माझं नाव घातलं. पेट्रोलही मी पुरेसं भरलं नाही. कारण मला वाटलं..."

चौतीस वर्षांत त्यांनी एकही चूक कबूल केली नव्हती, आणि आता दोनशे ऐंशी माणसांपुढे करत होते. पुढचं वाक्य त्यांच्या मनात तयार होतं. ते आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य झालं असतं.

"ए मामा!" सोळा नंबरच्या टेबलावरून एक म्हातारा ओरडला. "ते नंतर सांग रे बाबा! आधी घास घे!"

"घे, घे!" चहूबाजूंनी आवाज उठला. "आधी खा, मामा!"

क्वेकमामांनी बहिणीकडे पाहिलं. तिनं चॉपस्टिक त्यांच्या हातात दिल्या आणि खांद्यावर दाबून त्यांना खाली बसवलं. त्यांनी थंडगार डुकराचा एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि चावू लागले. तो काही केल्या चावला जाईना. पण ते बघायला तोवर कोणी मोकळं नव्हतं. अठ्ठावीस टेबलांवर एकदम भांडी वाजायला लागली होती, आणि शेजारच्या खुर्चीवर विहीणबाई दोन्ही हातांनी माशाचे काटे सोडवत होत्या.